खुडूक

हाफिजाबीनं दिली होती सात अंडी,
कोंड्याच्या टोपलीत खुपसून, वर जुनी चिंधी.
"लाईनमन, ही जुन्या वळणाची हायत," ती म्हणाली,
"माझ्या सासूच्या माहेरची. तुरा बसका, पायावर पिसं.
थंडीला बधत न्हाईत."
सातातली पाच फुटली.
मी रिटायर झालो त्याच्या आदल्या साली.

आता तेवीस आहेत.
सोजर म्हणते चोवीस,
पण ती लंगडीला दोनदा मोजते, लाडानं.

चौतीस वर्षं खांबावर चढलो,
सेलू ते वालूर, वालूर ते हातनूर,
लोकांच्या घरी उजेड नेऊन सोडला,
आणि माझ्याच खुराड्यात बल्ब नाही.
लागतच नाही.
पौषात परभणीचा पारा पाचावर आला, असं पेपरात येतं,
तेव्हा ह्या आपल्या अंग फुगवून बसतात,
एक पाय पिसात, डोकं पंखात,
वेचायच्या राहून गेलेल्या बोंडांसारख्या.
तुरा म्हणाल तर हरभऱ्याच्या घाट्याएवढा.
गारठ्याला धरायला जागाच ठेवलेली नाही.

अंडं लहान, दूध जास्त पडलेल्या चहाच्या रंगाचं.
वर्षाला साठ-सत्तर, त्यातही मधेच खुडूक होतात
आणि महिनाभर काही देत नाहीत,
नुसते डोळे वटारतात.
कोंबडा मात्र दीड वर्षात तीन किलो भरतो.
"अंड्यालाबी अन् रश्श्यालाबी," सोजर म्हणते.
त्यांच्यासमोर म्हणत नाही.

पिल्लांसाठी मडक्यात शेण, गोणपाटाचा तुकडा,
पाण्याचा हबका मारून बांधावर पालथं घालायचं.
सकाळी आत वाळवी.
बोर्डाच्या कुठल्याही ट्रेनिंगात
मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

त्या रात्री डीपी उडाला.
शेजारच्या तुळशीरामची साठ पिल्लं,
योजनेतली, चार दिवसांची,
पत्र्याच्या खोक्यात बल्बाखाली वाढत होती.
तो बॅटरी घेऊन दारात.
"मामा, खांबावर चढता का?"
मी गुडघ्यांकडे बघितलं. गुडघ्यांनी माझ्याकडे.
नव्या पोराला फोन लावला.
तो म्हणाला, सकाळी बघू.
मीही असंच म्हणायचो.

सोजर काही बोलली नाही.
दोन खुडूक होत्या: एक एकोणिसाव्या दिवसावर,
दुसरीखाली कालच फुटलेली सहा.
कंदील लांब ठेवून, अंधारातच,
एकेक पिल्लू तिनं पोटाखाली सरकवलं.
कोंबडी एकदा कुरकुरली,
पंख जरासा उचलला.
कोण आलंय ते बघायला नव्हे, जागा करायला.
कोंबडीला मोजता येत नाही.
बरं आहे.

एकीखाली अकरा, दुसरीखाली तेरा.
उरलेली छत्तीस घोंगडीत, परातीत,
गरम पाण्याच्या बाटल्यांना चिकटवून.
त्यातली सतरा सकाळी उठली नाहीत.
तुळशीरामनं ती टोपल्यात भरली
आणि बराच वेळ टोपलं उचललंच नाही.

लाईन साडेनऊला आली.
रिकाम्या खोक्यात बल्ब एकटाच पेटला.

पंखाखालची चोवीस चिवचिवत बाहेर पडली,
पिवळी, परकी,
आणि उकिरड्याकडं निघाली तिच्या मागं.
संध्याकाळी तुळशीराम न्यायला आला
तर तिनं त्याच्या पोटरीवर झेप घेतली.
"ऱ्हाऊ दे आठ दिस," सोजर म्हणाली.

रविवारी जावई आला. मोठा कोंबडा कापला.
रस्सा मी दोनदा घेतला,
लपवण्यासारखं त्यात काही नाही.

रात्री खुराड्याचं दार लावायला गेलो.
पंखांतून डोकी बाहेर आलेली, काही करडी, काही पिवळी.
वाटलं, बघावं तरी आत किती ऊब आहे.
हात घातला.
चोच बसली. अंगठ्यातून रक्त आलं.
पण तेवढ्यात बोटांना
जे कळायचं ते कळलं होतं.